तिसाव्या किलोमीटरवर थांबलेले तावरेसाहेब

तावरेसाहेब एका रविवारी सकाळी पावणेनऊला वारले आणि दहाच्या सुमारास लिफ्टने वर आले.

मधल्या सव्वा तासात आमच्या सोसायटीने त्यांचं करायचं ते सगळं केलं होतं. चौथ्या मजल्यावर चपलांचा असा ढीग पडला होता, की पुढे महिनाभर निम्मी सोसायटी दुसऱ्याच्या चपला घालून हिंडत होती. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर त्यांचा फोटो आणि फोटोभोवती झेंडूची महिरप. त्याखाली श्रद्धांजल्यांची रांग. त्यातली सर्वांत लांब माझी. ‘देवमाणूस’, ‘पोकळी’, ‘आधारवड’, सगळं घालून झालं होतं. आयुष्यात त्यांच्याविषयी चांगलं बोलायची ही माझी पहिलीच खेप, आणि ती त्यांनी वाचली.

पण आधी ते कोण होते ते सांगतो, नाहीतर म्हणाल हा गृहस्थ मढ्यापासूनच सुरुवात करतो.

विलास तावरे. वजनमापं खात्यात निरीक्षक होते. माझं बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यांचं दुकान होतं, आणि प्रत्येक काट्यावर सरकारी शिक्का मारायला हा माणूस यायचा. अंगाने इतका सडपातळ, की माझ्या काट्यावर उभा राहिला तर काटा आधी विचार करायचा. एकदा माझा एक काटा दोन ग्रॅम जास्त दाखवतो म्हणून त्यांनी परत पाठवला. मी म्हटलं, “साहेब, दोन ग्रॅम म्हणजे एक माशी बसली.” ते म्हणाले, “मग माशीची पावती करा.” पुढे निवृत्तीनंतर वारज्यात आमच्याच इमारतीत, नेमके माझ्या डोक्यावर राहायला आले. पहाटे साडेचारला त्यांची पावलं वर वाजायची आणि मी कुशीवर वळायचो.

“कसं वाटतंय?” असं विचारण्याची त्यांना सोय नव्हती. “त्याला एकक काय?” असं परत विचारायचे. “अंदाज सांगू नका, आकडा सांगा,” हे त्यांचं पालुपद. बिल्डरच्या जाहिरातीत ‘हायवेपासून दोन मिनिटं’ असं छापलं होतं. रस्ता मोजायचं चाक घेऊन हा माणूस फाटकापासून हायवेपर्यंत चालत गेला आणि आला तो नोटीस बोर्डावर चिठ्ठी लावूनच: ‘अकरा मिनिटे. रस्ता ओलांडण्याची वेळ वेगळी.’

साठीच्या आसपास ते पळायला लागले, त्याला कारणही हेच चाक. सर्व्हिस रोडवर मोजणी चालू असताना त्यांना अशोक घुले भेटला.

अशोक वारज्याच्या मूळ गावातला. बापजाद्यांची जमीन निम्मी बायपासखाली गेली, निम्मीवर बारा मजले उभे राहिले. राहिल्या दोन म्हशी. त्यातली एक एकदा दावं तोडून पळाली. अशोक अनवाणी तिच्यामागे सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत पळत गेला. शेवटी म्हैस दमून बसली, हा उभाच. तेव्हापासून त्याला पळायची चटक लागली असं तो सांगायचा, आणि अशोकच्या गोष्टीवर माझा विश्वास आहे, कारण मीसुद्धा तशाच सांगतो.

हे दोघं पाच वर्षं रोज पहाटे पळाले. अशोक पूर्ण वेळ बोलायचा आणि तावरेसाहेब पूर्ण वेळ गप्प. अख्ख्या जगात त्यांना ‘इल्या’ म्हणणारा हा एकटा. “इल्या, आज वारं हाय.” “इल्या, त्या पोरीनं तुला माघारी टाकलं बघ.” साहेबांचं उत्तर एखाद्या किलोमीटरने यायचं: “हं.”

आता त्या रविवारचं. पुढचं सगळं मला तावरेसाहेबांनीच सांगितलं. एकदाच सांगितलं आणि एकही आकडा गाळला नाही.

शहरात बेचाळीस किलोमीटरची मॅरेथॉन होती. छातीवर लावायचे नंबर आदल्या दिवशी जाऊन आणावे लागतात. दोघांचेही साहेबांनीच आणले. प्रत्येक नंबराच्या मागे एक चिप असते. ती रस्त्यात अंथरलेल्या पट्ट्यांवरून गेली की वेळेची नोंद होते आणि घरच्यांच्या फोनवर संदेश जातो. नंबराच्या पाठीमागे आणीबाणीसाठी घरचा फोन लिहायचा असतो. साहेबांनी आपल्या नंबरामागे मंगलवहिनींचा, म्हणजे आपल्या बायकोचा फोन मोत्यासारख्या अक्षरात लिहिला. अशोकचा रकाना कोराच राहिला. “मला काय हुतंय?” म्हणाला तो.

पहाटे अंधारात, चष्म्याशिवाय, चार-चार पिना टोचून दोघं निघाले. तिसऱ्या किलोमीटरला एका दिव्याखाली अशोक खदाखदा हसायला लागला. “आरं इल्या, तू अशोक झालायस की!” नावासकट नंबरांची अदलाबदल झाली होती.

साहेब जागीच थांबले. बदलू म्हणाले. नियम आहे म्हणाले.

“आरं, चिप काय त्वांड बघून मोजती व्हय?” अशोक म्हणाला. “आट पिना काढीस्तवर समदी म्होरं जातील. चल. तू माझ्या नावानं पळ, मी तुझ्या नावानं पळतो. माझं आजवर साडेचार तासाच्या आत कधी आलं न्हाई. तेवढं आणून दे की गड्या.”

तीस-पस्तीस वर्षं दोन ग्रॅम न सोडलेल्या माणसाने त्या दिवशी पहिल्यांदा काहीतरी सोडलं.

अठ्ठाविसाव्या किलोमीटरला अशोकची चाल पडली. “तू हो म्होरं,” म्हणाला, “माझं टायमिंग बिघडवू नगंस.” साहेब पुढे झाले. तीसची पट्टी ओलांडली, नदीवरच्या पुलाचा चढ चढले. उतरताना मागे कुठेतरी ॲम्ब्युलन्स वाजली. मागे वळून पाहिलं की लय मोडते, दोनतीन सेकंद जातात. त्यांनी पाहिलं नाही. चार तास अठ्ठावीस मिनिटांनी शेवटच्या कमानीखालून गेले. अशोकसाठी अर्धा तास थांबले. कंटाळून घरी गेला असेल म्हणून रिक्षा केली. फोन ते पळताना नेत नसत. एकशे ऐंशी ग्रॅम.

अशोक तीसची पट्टी ओलांडून वीस पावलांवर, एका बसथांब्यासमोर पडला होता. नंबर उलटवून कुणीतरी मागचा फोन लावला. तो मंगलवहिनींनी उचलला.

वहिनींचा भाऊ तसाच हॉस्पिटलकडे निघाला, पण मॅरेथॉनसाठी रस्ते बंद. तो बिचारा मॅरेथॉनच्या कठड्याशी गाडी लावून पोलिसाला सांगतोय, “अहो, माझे मेहुणे मॅरेथॉनमध्ये गेले,” आणि पोलीस म्हणतोय, “मग इथे थांबा, याच बाजूने येतील.”

तर लिफ्ट उघडली. गळ्यात पदक, हातात अर्धं सोललेलं केळं. चपलांमुळे पाय ठेवायला जागा नव्हती. साहेबांनी आम्हा सगळ्यांकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात, अदबीने विचारलं, “कोण गेलं?”

मी बोलका माणूस. लग्नात, मयतीत, रेशनच्या रांगेत माझा आवाज शेवटपर्यंत जातो. मी नुसतं भिंतीला सरकून त्यांना वाट करून दिली. तळमजल्यावरच्या एका काकूंनी तर त्यांना नमस्कारच केला. आतून मंगलवहिनी बाहेर आल्या. आल्या आणि दोन्ही मुठींनी त्यांच्या छातीवर मारायला लागल्या. तो नंबराचा कागद टराटरा वाजत होता. साहेब आधी त्यांचे हात धरायला गेले. मग त्यांनी खाली, त्या कागदाकडे पाहिलं.

आम्हाला वाटत होतं, काहीतरी घोटाळा झाला, माणूस परत आला, पेढे आणा. काय झालंय हे त्या अख्ख्या जिन्यात फक्त एकाला कळलं होतं.

“अशोक,” एवढंच ते म्हणाले आणि जिन्याने खाली उतरायला लागले.

मी मागे धावलो, स्कूटर काढली. गावठाणात अशोकच्या घराशी पोचलो तेव्हा त्याची बायको, सुमनवहिनी, उंबऱ्यात ओवाळायचं ताट घेऊन उभी होती. नवऱ्याने साडेचारच्या आत मारल्याचा संदेश तिच्या फोनवर आला होता. तासभर तिने आळीत सगळ्यांना साखर वाटली होती.

“आलं का भावजी? आन् हे?” तिने साहेबांच्या खांद्यावरून मागे माझ्याकडे, माझ्या मागे रस्त्याकडे पाहिलं. “मागं ऱ्हायले व्हय?”

तिची नजर साहेबांच्या छातीवर गेली. हातातल्या फोनवर गेली. परत छातीवर आली. तिने ताट उंबऱ्यावर ठेवलं.

“मग ह्यो संदेश कुनाचा?” ती म्हणाली.

मला दारू चढत नाही, भूत दिसत नाही, पण ते ताट मला अजून दिसतं.

निकालाच्या यादीत अशोक घुले, चार तास अठ्ठावीस मिनिटं, शर्यत पूर्ण. आणि तावरे विलास, तीस किलोमीटर. पुढच्या रकान्यात आडवी रेघ. साहेबांनी दुरुस्तीचा अर्ज लिहिला, चांगला तीन पानी, परिशिष्टासकट. द्यायच्या आधी सुमनवहिनींना वाचून दाखवायला गेले. तिने पूर्ण ऐकून घेतला.

“नगा देऊ,” म्हणाली. “सातबाऱ्यावरनं त्यांचं नाव गेलं. हितं तरी ऱ्हाऊ द्या.”

अर्ज त्यांनी खिशात घातला. पण त्यानंतर या माणसाचं काहीतरी बिनसलं ते बिनसलंच. आमच्याकडे आला की मधेच म्हणायचा, “मी तिथेच आहे.”

“कुठे?”

“तीसला. कागदावर मी तिथेच पडलोय. कुणी उचललेलं नाही.”

मी म्हणायचो, “साहेब, तुम्ही माझ्या सोफ्यावर बसून माझा चिवडा खाताय.” त्यावर ते माझ्याकडे असे बघायचे, की चिवड्याची चव जायची. श्रद्धांजलीचे सगळे मेसेज त्यांनी छापून घेतले होते. वाचायचे. “तुमच्यात अतिशयोक्ती फार आहे,” मला म्हणाले, “पण खोडून टाकू नका. लागेल.”

त्यांचं पळणं वाढलं. पूर्वी दोघं पळायचे तेवढं आता एकटे पळायला लागले. आपल्या वाटचं आणि अशोकच्या वाटचं. पहाटे टेकडीवर भेटणारी माणसं सांगायची, तावरे आता पळताना बोलतात. एका किलोमीटरने “हं” म्हणणारा माणूस वाक्यंच्या वाक्यं बोलायचा आणि मधे थांबायचा, समोरच्याला बोलू द्यावं तसा.

शर्यतीनंतर दहा महिन्यांनी, वारज्याच्या टेकडीवर, त्यांच्या उजव्या टाचेमागची जाड शीर तुटली. माझ्या डोळ्यांदेखत. डॉक्टरांनी मला चालायला सांगितलं होतं, म्हणून मी तिथे एका दगडावर बसलो होतो. फटाका फुटावा तसा आवाज आला. साहेब दोन पावलं तसेच गेले आणि गर्रकन मागे वळले.

“कोण आहे?” ओरडले. “लाथ कुणी मारली?”

मागे कोणी नव्हतं. पन्नास फुटांवर मी, आणि माझा पाय तर माझ्या पोटाच्या वर उचलत नाही. पुढे डॉक्टरांनी सांगितलं, ही शीर तुटली की कुणी मागून लाथ घातल्यासारखंच वाटतं, सगळे पेशंट मागे वळून पाहतात. हे शास्त्र मी साहेबांना हॉस्पिटलमध्ये समजावून सांगितलं.

“सगळे पाहतात ना,” ते म्हणाले. “मला पाहायला लावायला एवढं करावं लागलं त्याला.”

ऑपरेशन. मग प्लास्टर, मग चंद्रावर जायचा असावा तसला बूट. डॉक्टर म्हणाले, सहासष्ट वय आहे, संध्याकाळी बागेत फिरा, भजन ऐका. साहेबांनी विचारलं, “बागेला तीस किलोमीटर आहेत का?”

व्यायाम शिकवायला एक तरतरीत मुलगी यायची, प्राजक्ता नावाची. टाच उचला, टाच टेका. पहिल्या दिवशी साहेबांची टाच जमिनीपासून कागदभर उचलली गेली. हे मी वाढवून सांगत नाही, त्यांनी खाली कागद सरकवून बघितला होता. मग रोज एकेक कागद. जिन्याच्या पायरीवर पंजे टेकून, कठडा धरून, सकाळ-दुपार-संध्याकाळ. सोसायटीतल्या लोकांनी जिना सोडून दिला. पंधरा कागद झाले त्या दिवशी त्यांनी मला हाक मारून दाखवलं. बरा होणारा माणूस दाखवतो तसं नाही. कोर्टात पुरावा दाखवावा तसं.

“काका, आता दहा किलोमीटर खूप झालं हं,” प्राजक्ता म्हणायची. “मॅरेथॉनचं डोक्यातून काढा. परत तुटली ना, तर काठी लागेल कायमची.”

“लागू दे,” साहेब म्हणायचे. “तीसच्या पलीकडे लागू दे.”

मंगलवहिनी या काळात काय करत होत्या, तर फोन उचलत नव्हत्या. त्या रविवारपासून घरात रिंग वाजली की त्या गॅलरीत जाऊन उभ्या राहत. एकदा मला जिन्यात गाठून म्हणाल्या, “तुम्ही सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतील.”

“वहिनी, माझं माझी बायको ऐकत नाही.”

“परत तसाच फोन आला तर?” त्या म्हणाल्या. “एकदा मी रडून घेतलंय. आता मला परत तसं रडता येणार नाही हो.”

मी गेलो, सांगितलं. साहेब मोजे घालत होते. म्हणाले, “तिने मला मेलेला मानून तासभर काढला. तिच्याकडे तेव्हापासून कोण राहतोय, ते तिला एकदा कळू दे.”

वर्ष-सव्वा वर्ष गेलं. दोन मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं, मग चार पळायचं, एक चालायचं. पूर्वी ज्या पोरींना ते मागे टाकत, त्या आता “गुड मॉर्निंग अंकल” करत पुढे निघून जायच्या. उजवा पाय फेंगडा पडायचा. सदुसष्टाव्या वर्षी त्यांनी त्याच शर्यतीला नाव दिलं. संदेशासाठी घरचा फोन म्हणून वहिनींचा नव्हे, माझा लिहिला. नंबर मला दाखवायला खाली आणला, आरशासमोर उभं राहून स्वतःच्या छातीवर पिना टोचल्या आणि माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मीही चष्मा लावूनच वाचला.

शर्यतीच्या दिवशी मी सकाळी नऊला पुलाच्या अलीकडच्या त्या बसथांब्याशी गेलो. थांब्याच्या बाकावर सुमनवहिनी बसली होती. हिरवं लुगडं, मांडीवर पाण्याची बाटली. मी शेजारी बसलो.

चांगले पळणारे कधीच गेले होते. सावकाश पळणारे गेले. मग चालणारे गेले. मग रस्ता मोकळा झाला, रिकामे पेले वाऱ्याने गडगडायला लागले. पट्टीजवळची माणसं खुर्च्या एकावर एक रचायला लागली. आणि लांबून ते आले. त्यांच्या मागे, माणसाच्या चालीने, मागे पडलेल्यांना गोळा करणारी बस. दारातला माणूस ओरडत होता, “काका, बसा आता, वेळ संपली.” साहेब हाताने त्याला वारत होते, माशी वारावी तसे.

पट्टी ओलांडली. अठरा-एकोणीस पावलं आले. आणि उभे राहिले.

बस थांबली. साहेबांचा घाम सुकून कपाळावर मिठाची रेघ उठली होती. त्यांनी आम्हाला पाहिलं की नाही मला माहीत नाही. समोरच्या डांबराच्या तुकड्याकडे बघत होते. एखाद्याचं अंथरूण ओलांडायचं असावं तसे. पाय उचलायचे, परत ठेवायचे.

“साहेब!” मी हाक मारली. माझा शेवटपर्यंत जाणारा आवाज त्यांच्यापर्यंत गेला नाही.

सुमनवहिनी उठली. रस्त्यावर उतरली. बरोबर त्या जागेवर जाऊन उभी राहिली.

“भावजी,” म्हणाली, “मी पाटंपास्नं हितं बसलीया. समदं बघितलंय. हितं कुनी न्हाई.”

साहेबांनी डांबरावरची नजर उचलून तिच्याकडे पाहिलं.

“तुमी बी न्हाई, ह्ये बी न्हाई. कुनीच न्हाई हितं. जावा.”

ती बाजूला झाली. तावरेसाहेबांनी उजवा, तुटलेला पाय आधी टाकला. मग डावा. मग पुलाच्या चढावर ती फेंगडी चाल लागली. मागे बस, दारात हात जोडून थकलेला तो माणूस. चढाच्या माथ्यावर साहेब कमरेपासून दिसले, मग खांद्यापासून, मग नुसतं डोकं. मग बसचं टप. पुढे ते कमानीशी पोचले तेव्हा कमान उतरवून टेम्पोत घातली होती आणि ते नुसत्या खडूच्या रेघेवरून गेले, असं तिथे जाऊन उभ्या राहिलेल्या मंगलवहिनी सांगतात. मी ते पाहिलं नाही. मी पाहिलेले तावरेसाहेब पुलापलीकडे उतरले ते उतरलेच. नंतर जे भेटले ते माझ्या डोक्यावर राहणारे दुसरेच कोणी गृहस्थ, उशिरापर्यंत झोपणारे.

आम्ही दोघं बाकावर बसून राहिलो. रस्ते उघडले, पहिली बस आली, ती आम्ही सोडली. दुसरी सोडली. पाऊण-एक तासाने माझा फोन थरथरला.

“काय म्हनतोय?” सुमनवहिनी म्हणाली.

“पस्तीस किलोमीटर.”

“नाव?”

“तावरे विलास.”

तिने मान हलवली. बाटलीचं झाकण उघडलं, पाणी न पिताच परत लावलं.

“परत वाचा,” म्हणाली. “नाव तेवढं वाचा.”